अवरक्त वर्णपटविज्ञान (पुरातत्त्वातील)

पदार्थातील रासायनिक बंध अवरक्त किरणांचे ठरावीक भाग शोषून घेतात. त्या शोषणाच्या आलेखावरून पदार्थ ओळखण्याची पद्धत. अवरक्त किरणांचा शोध विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लावला. माती, चुना, हाड, लाख, राळ यांच्यासाठी साधारणपणे ४००० ते ४०० प्रति सेंमी हा पट्टा तपासतात. चिमूटभराहून कमी नमुना पुरतो, म्हणून दुर्मीळ वस्तूंसाठी ही पद्धत मोलाची आहे.

पुणे परिसरात तिचा खरा कस चुन्यावर लागतो. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे (कंकर) आपोआप बनतात आणि तेच भट्टीत भाजून चुना करीत. विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट झाला, की तोही पुन्हा कंकराप्रमाणे कॅल्साइटच होतो. मग थरातला पांढरा तुकडा निसर्गाचा की माणसाच्या हातचा? कॅल्साइटच्या ८७४ आणि ७१२ या शिखरांची उंची ताडून पाहिली, की भाजलेल्या चुन्यात दुसरे शिखर तुलनेने बुटके आढळते, कारण त्याची स्फटिकरचना कमी नेटकी असते. राखेतील कॅल्साइटही फसवू शकतो. थराचा संदर्भ सोडून नुसत्या आलेखावर निकाल देऊ नये.

घोड नदीकाठच्या इनामगावी (ता. शिरूर) डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत चुना करणारे कारागीर होते, तसेच कच्च्या मातीची स्त्रीमूर्तीही मिळाली. अशा स्थळांवर उपयोगी पडणारी दुसरी खूण मातीची आहे: केओलिनाइटची ३६९५ व ३६२० ही शिखरे सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे नाहीशी होतात. त्यावरून माती भाजली होती की नाही, हे कळते.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण वेरूळचे. तेथील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचे मॅनेजर राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडले. अवरक्त आलेखाला त्यांनी सूक्ष्मदर्शकाची जोड दिली होती.

शुद्ध धातू या पद्धतीला दिसत नाहीत. जुन्या पोथ्यांत चुकलेली अक्षरे झाकण्यासाठी लावलेली हरताळही नेहमीच्या पट्ट्यात उमटत नाही, कारण आर्सेनिक-गंधक बंधांचे शोषण ४०० च्या खाली होते. तिच्यासाठी रामन वर्णपट घ्यावा लागतो.