क्लाउड : भाड्याच्या कॉम्प्युटरची साठ वर्षं

आजचा विषय क्लाउड कॉम्प्युटिंग. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.

'क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर' असा एक विनोद आम्हा आयटीवाल्यांत चालतो. तो खोटा नाही, पण अर्धवट आहे. कारण दुसऱ्याचा कॉम्प्युटर वापरणं ही काही नवी गोष्ट नाही. मग नवं काय आहे? ते कळायला थोडं मागे जाऊ या. सुरुवात करू खोपोलीपासून.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या कापड गिरण्या मशिनं चालवायची ताकद स्वतःच तयार करायच्या. स्वतःचा बॉयलर, स्वतःचं वाफेचं इंजिन, स्वतःचा कोळसा. धंदा कापडाचा, पण इंजिन सांभाळायची कटकट मालकाच्याच गळ्यात. १९१५ साली टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी खाली आणून केलेली वीज मुंबईला पोचली आणि गिरण्या ती विकत घेऊ लागल्या. जेवढी वापरली तेवढे पैसे. हा सौदा लक्षात ठेवा, कारण क्लाउडचा सौदा हाच आहे.

आता १९६१. अमेरिकेत एमआयटी या संस्थेच्या शताब्दीनिमित्त जॉन मॅकार्थी यांचं भाषण झालं. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव देणारे ते हेच. ते म्हणाले, की टेलिफोन ही जशी सार्वजनिक सेवा आहे, तशी गणनशक्तीसुद्धा एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एमआयटीतच फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने टाइम-शेअरिंगचं प्रात्यक्षिक दाखवलं. कल्पना साधी होती. मशीन प्रचंड महाग, आणि माणूस टाइप करता करता विचार करत बसला की ते रिकामं. मग तो रिकामा वेळ दुसऱ्याला का देऊ नये? एकाच मशीनला अनेक जण जोडायचे, प्रत्येकाला क्षणाचा छोटा तुकडा द्यायचा, आणि प्रत्येकाला वाटावं की मशीन आपलंच आहे.

आपल्याकडेही कॉम्प्युटर वाटून वापरले जातच होते, फक्त कारण वेगळं होतं. मशिनंच मोजकी! १९६४ मध्ये मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा कॉम्प्युटर आला. बाहेरच्या संस्थांमधले संशोधकही त्यावर आपली कामं चालवून घेत. पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर होता, पण तो क्लाउड नव्हता. का, ते पुढे येतंच.

दुसरा धागा व्हर्च्युअल मशीनचा. एका खऱ्या मशीनच्या पोटात अनेक आभासी मशिनं चालवायची, प्रत्येक जण दुसऱ्यापासून वेगळं. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० आणून हे मोठ्या मशिनांवर रूढ केलं. नंतर पीसी आले, कॉम्प्युटर स्वस्त झाले, आणि भाड्याऐवजी मालकीचे दिवस सुरू झाले. प्रत्येक कंपनीत एक थंडगार सर्व्हर रूम, तिथे एसी, यूपीएस आणि किल्ली सांभाळणारा एक माणूस. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने आभासी मशिनांची ती जुनी युक्ती साध्या पीसीवर आणली आणि पुन्हा भाड्याची वाट मोकळी झाली.

आता २००६. अ‍ॅमेझॉनचा क्लाउड कसा जन्मला याची एक लोकप्रिय गोष्ट आहे: नाताळच्या गर्दीसाठी घेतलेले सर्व्हर वर्षभर पडून असायचे, म्हणून त्यांनी ते भाड्याने दिले. गोष्ट झकास आहे, पण खरी नाही. कंपनीचे तंत्रप्रमुख वर्नर व्होगेल्स यांनीच ती खोडून काढली आहे. आणि तर्कानेही बघा ना, तसं असतं तर दर नाताळला गिऱ्हाइकांना हाकलून सर्व्हर परत घ्यावे लागले असते! खरी अडचण कंपनीच्या आत होती. प्रत्येक टीम नवं काही करायच्या आधी तेच ते स्टोरेज, तेच ते सर्व्हर उभे करण्यात वेळ घालवत होती. २००३ च्या सुमारास ख्रिस पिंकम आणि बेंजामिन ब्लॅक यांनी हे सगळं प्रमाणित करायचा प्रस्ताव मांडला, आणि ते बाहेरच्यांनाही विकता येईल असं सुचवलं. मार्च २००६ मध्ये एस-थ्री ही साठवणुकीची सेवा आली: एका जीबीला महिन्याला १५ सेंट. ऑगस्टमध्ये आली ईसी-टू: एक आभासी सर्व्हर, तासाला १० सेंट. ईसी-टूचं बरंचसं काम झालं दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनमध्ये.

याने संस्थांना काय मिळालं, हे एका उदाहरणात दिसतं. 'न्यूयॉर्क टाइम्स'कडे १८५१ ते १९२२ या काळातले सुमारे १ कोटी १० लाख लेख स्कॅन केलेल्या तुकड्यांच्या रूपात होते, जवळपास ४ टेराबाइट. त्यांचे पीडीएफ करायचे होते. २००७ मध्ये त्यांच्या एका प्रोग्रामरने ईसी-टूवर १०० सर्व्हर घेतले आणि २४ तासांच्या आत काम संपवलं. गणित करा: १०० सर्व्हर, २४ तास, तासाला १० सेंट. झाले २४० डॉलर. साठवणुकीचा खर्च वेगळा.

इथे जरा थांबू या, कारण सगळी मेख इथेच आहे. एक सर्व्हर १०० दिवस चालवा किंवा १०० सर्व्हर एक दिवस, बिल सारखंच येतं. मालकीच्या जगात हे कधीच शक्य नव्हतं. एका दिवसासाठी १०० सर्व्हर विकत घ्यायला कोण मंजुरी देणार? आणि सीडीसी ३६०० च्या रांगेत उभ्या असलेल्या संशोधकालाही हे शक्य नव्हतं, कारण मशीन एकच होतं.

२०११ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने क्लाउडची व्याख्या केली. तिच्यात पाच खुणा आहेत: हवं तेव्हा स्वतःच घेता येणं, नेटवर्कवरून कुठूनही वापरता येणं, साधनं अनेकांत वाटलेली असणं, झटपट वाढवता-कमी करता येणं, आणि वापर मोजला जाणं. कुणी 'आमचं सॉफ्टवेअर क्लाउडवर आहे' म्हणालं की मी मनात या पाच खुणा लावून बघतो. बऱ्याचदा दोनच जुळतात.

फायदे यातूनच निघतात. आधी मोठी रक्कम अडकत नाही. दहावीच्या निकालासारखी तासाभराची गर्दी झेलायला वर्षभर मशिनं पोसावी लागत नाहीत. एखादा प्रयोग फसला तर मशीन बंद, बिल बंद. आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा म्हणजे, सांगलीतल्या दोन मुलींच्या स्टार्टअपला आणि मोठ्या बँकेला तीच मशिनं मिळतात.

पण हा सौदा एकतर्फी नाही, बरं का. २८ फेब्रुवारी २०१७ ला अ‍ॅमेझॉनच्या एका इंजिनिअरने दिलेल्या कमांडमध्ये चूक झाली, ठरवल्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले, आणि अनेक वेबसाइट्स काही तास कोलमडल्या. दुसरीकडे, २००८ मध्ये नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये बिघाड होऊन तीन दिवस डीव्हीडी पाठवणं थांबलं होतं. त्यानंतर त्यांनी क्लाउडवर जायचं ठरवलं, आणि ते स्थलांतर पूर्ण व्हायला २०१६ उजाडलं. म्हणजे बिघाड दोन्हीकडे होतात. फरक एवढाच, की भाड्याच्या घरात नळ फुटला की तुम्ही फक्त फोन करू शकता.

बिलाचंही तसंच. ज्यांचं काम वर्षभर एकसारखं चालतं, त्यांना रोज हॉटेलात राहण्यापेक्षा घर स्वस्त पडू शकतं. ३७सिग्नल्स या कंपनीने २०२२ मध्ये नेमकं हेच कारण देऊन क्लाउड सोडायचं जाहीर केलं.

तिसरा मुद्दा, माहिती राहते कुठे? २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई, चेन्नईत आणि २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनने मुंबईत क्लाउडची केंद्रं सुरू केली. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटची माहिती भारतातच साठवायचा आदेश काढला. 'क्लाउड' या शब्दाने वाटतं की माहिती कुठेतरी हवेत तरंगते. प्रत्यक्षात ती कुठल्यातरी इमारतीत असते आणि त्या इमारतीला एखाद्या देशाचा कायदा लागू होतो.

म्हणून एखादी पतसंस्था किंवा कॉलेज मला विचारतं, 'क्लाउडवर जावं का?' तेव्हा मी उलटे तीन प्रश्न विचारतो. तुमचं काम चढउताराचं आहे की एकसारखं? दर महिन्याचं बिल समजून घेणारा माणूस तुमच्याकडे आहे का? आणि उद्या बाहेर पडायचं ठरलं, तर तुमची माहिती कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी मिळेपर्यंत सही करू नका. विजेची कंपनी बदलली तरी वीज तीच असते, गिरणीला फरक पडत नाही. क्लाउडवाल्याकडे मात्र तुमची सगळी खातेवही असते.

पुढच्या भागात क्लाउडचं बिल कसं वाचायचं ते बघू. तुमच्या संस्थेचं बिल असेल तर आकडे झाकून जरूर पाठवा. भेटू!