न झिजणाऱ्या मालाची किंमत

धोतरजोडीची किंमत कशी ठरते हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. कापूस, सूत, मजुरी, गाडीभाडे, दुकानदाराचा नफा, मग घासाघीस. खिशातील मोबाइलवरच्या ॲपला मात्र हा हिशेब लागू पडत नाही. त्याची पहिली प्रत सिद्ध करण्यात वर्षे जातात. दुसरी जवळजवळ फुकट निघते आणि लाखावी प्रतही तितकीच फुकट. मग किंमत लावायची ती कशाची?

प्रारंभी हा प्रश्नच नव्हता. आयबीएम या अमेरिकन कंपनीची अवाढव्य यंत्रे भाड्याने जात आणि ती चालविणाऱ्या आज्ञावल्या त्या भाड्यातच येत. बैलगाडी ठरविली की गाडीवान निराळा मागावा लागत नाही, तसेच हे. पण सरकारने मक्तेदारीविरुद्ध खटला गुदरला, आणि २३ जून १९६९ रोजी कंपनीने जाहीर केले की यापुढे काही आज्ञावल्यांचे पैसे निराळे पडतील. आज्ञावली हा स्वतंत्र माल झाला तो तेव्हापासून, असे म्हणावयास हरकत नाही.

माल झाला, पण गिऱ्हाईक पैसे देईना. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना एक खुले पत्र लिहिले. यंत्र घेणाऱ्यांपैकी दहांत एकानेही आपली ‘बेसिक’ विकत घेतलेली नाही आणि मेहनतीचा मोबदला तासाला दोन डॉलरही पडत नाही, अशी त्यांची तक्रार होती. गेट्स पुढे कुबेर झाले म्हणून ही तक्रार आज कोणाला हास्यास्पद वाटेल. आम्हाला ती तशी वाटत नाही. त्या वेळी ते वीस वर्षांचे होते आणि त्यांचा प्रश्न खरा होता.

१९८२ मध्ये दोघांनी नेमकी उलटी वाट धरली. अँड्र्यू फ्लूगलमन आणि जिम नॉफ यांनी सांगितले की नकला खुशाल करा, मित्रांना वाटा. उपयोग झाला तर पैसे पाठवा. कीर्तन सर्वांनी ऐकावे आणि शेवटी आरतीच्या ताटात ज्याने त्याने इच्छेप्रमाणे टाकावे, हा आपल्याकडचा रिवाज त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पण तत्त्व तेच. आणि ताट रिकामे राहिले नाही! नॉफ हे आयबीएमचेच नोकर. पैसे इतके येऊ लागले की त्यांनी नोकरी सोडली.

पुढे १० जुलै २००८ रोजी ॲपलने मोबाइलवरच ॲपचे दुकान उघडले. विक्रीतील ३० टक्के दुकानाचे, उरलेले कर्त्याचे. त्याच ऑगस्टात ‘आय ॲम रिच’ नावाचे, लाल रत्न दाखविण्यापलीकडे काहीही न करणारे ॲप ९९९.९९ डॉलरला आले. ते आठ जणांनी घेतले. हा गमतीचा भाग झाला. खरी गोष्ट अशी की दुकानातील क्रमवारी लागे ती खपावर, मिळकतीवर नव्हे. वर यायचे तर स्वस्त व्हायचे. आणि भाव धडाधड ९९ सेंटांवर आले. हे पैसे एकदाच मिळत, दुरुस्ती मात्र वर्षानुवर्षे करावी लागे. लहान कर्त्याचे कंबरडे मोडले ते येथे.

ऑक्टोबर २००९ पासून फुकट ॲपच्या आतही विक्रीला मुभा मिळाली. प्रवेश मोफत, पैसे आत. २०१३ मध्ये ॲडोबीने आपल्या चित्रकामाच्या आज्ञावल्यांच्या नव्या आवृत्त्या विकणे थांबवून वर्गणी सुरू केली. कर्त्याची बाजू आम्हाला मान्य आहे. तरी वर्गणी थकली की आपणच केलेले काम उघडण्याचे साधन हातचे जाते, हे विसरता येत नाही. १९६९ पूर्वीचे भाडे निराळ्या वेषात परतले, एवढाच फरक.

आपल्या देशात गूगलने २०१५ मध्ये ॲपची किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली. त्या दहांतले तीन दुकानाचे होते. २०२१ मध्ये लहान कर्त्यांपुरता हा वाटा दीड रुपयावर आला.