युनिक्समधील अधिकारबदल आणि शेल फंक्शनचा वारसा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
एका वापरकर्त्याने दुसऱ्याच्या अधिकाराने आज्ञा चालविणे ही युनिक्स प्रणालीतील जुनी गरज आहे. अशा वेळी पहिल्या वापरकर्त्याच्या परिसरातील काय सोबत जावे, या प्रश्नाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :
१९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बॉर्न यांचे शेल आले आणि एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलची पद्धत रूढ झाली. प्रत्येक नव्या प्रक्रियेला जनक प्रक्रियेकडून या व्हेरिएबलची प्रत मिळते. प्रतीतील बदल जनकाकडे परत जात नाही. १९८० च्या सुमारास बफेलो येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी 'सुडो' तयार केले. ते दुसऱ्याच्या, बहुधा 'रूट'च्या, अधिकाराने प्रोग्राम चालविते. शेल फंक्शन मात्र डिस्कवरील फाइल नसून चालू शेलच्या स्मृतीत असते. त्यामुळे सुडोला ते सापडत नाही.

फंक्शनची निर्यात व तिचे परिणाम :
ब्रायन फॉक्स यांच्या १९८९ मधील बॅश शेलने फंक्शन निर्यात करण्याची सोय दिली. फंक्शनचा मजकूर व्हेरिएबलमध्ये ठेवला जाई आणि नवे बॅश तो वाचून फंक्शन पुन्हा उभे करी. माहिती आणि आज्ञा यांतील सीमारेषा येथे पुसट झाली. २००४ मध्ये तिचा धोका सुडोत दिसला. बॅश स्क्रिप्टने पूर्ण मार्ग न देता बोलाविलेल्या प्रोग्रामच्याच नावाचे फंक्शन निर्यात केले, की मर्यादित परवानगीचा वापरकर्ताही रूटच्या अधिकाराने हवे ते करू शके. सुडोने अशी व्हेरिएबल गाळण्यास प्रारंभ केला. २००७ च्या १.६.९ आवृत्तीत धोरणच उलटले : घातक तेवढे वगळण्याऐवजी सुरक्षित तेवढेच राखले जाऊ लागले.

बॅशमधील मूळ पद्धत मात्र कायम राहिली. सप्टेंबर २०१४ मध्ये स्टीफान शाझेला यांनी शोधलेला 'शेलशॉक' दोष उघड झाला. फंक्शन संपल्यानंतरचा मजकूरही बॅश आज्ञा म्हणून चालवीत असे. काही वेब सर्व्हर विनंतीतील मजकूर व्हेरिएबलमधून पुढे देत असल्याने, प्रणालीत खाते नसलेल्या दूरस्थ व्यक्तीलाही आज्ञा चालविणे शक्य झाले. त्यानंतर निर्यात फंक्शनच्या व्हेरिएबलला विशिष्ट उपसर्ग सक्तीचा झाला.

निष्कर्ष :
२००४ मधील उपाय एका दरवाजापुरता होता. मूळ पद्धतीचा फेरविचार होण्यास आणखी दहा वर्षे लागली. अधिकार बदलताना परिसराचा मूक वारसा विश्वासार्ह मानता येत नाही, हे या इतिहासातून स्पष्ट होते. म्हणून फंक्शन रूटच्या मालकीच्या स्क्रिप्ट फाइलमध्ये ठेवून तीच सुडोद्वारे चालविणे अधिक सुरक्षित ठरते.