सूचना कोणासाठी?

रायपूरच्या पंडरी भागातील कपडा बाजारात गिऱ्हाईक ठाण उलगडून पाहते, पोत चाचपते आणि मगच सौदा करते. स्मार्टफोनवर नवे अ‍ॅप घेताना मात्र माल बांधलेलाच असतो. हाती येते ती केवळ एक सूचना. आम्हां प्रशासनातील मंडळींचा सूचनांशी नित्याचा संबंध. म्हणून या सूचनेचा पूर्वेतिहास पाहावासा वाटला.

अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या काळात ‘अनोळखी स्रोत’ अशी एकच कळ असे. ती एकदा उघडली की कोठूनही आलेले अ‍ॅप बसवता येई. 2017 च्या आठव्या आवृत्तीपासून ही परवानगी प्रत्येक स्रोतास स्वतंत्रपणे द्यावी लागते. दरम्यान 2010 साली एफ-ड्रॉइड हे मुक्तस्रोत अ‍ॅपांचे भांडार सुरू झाले होते. तेथील अ‍ॅपची मूळ संहिता कोणासही वाचता येते. एखादे अ‍ॅप जाहिराती दाखवत असेल किंवा वापरणाऱ्याचा माग ठेवत असेल, तर तो दोष त्याच्या पानावरच नोंदवलेला असतो.

दोन्ही सूचनांतील भेद ध्यानात घ्यावा. फोन सांगतो, माल कोठून आला. भांडार सांगते, माल काय करतो. पहिली सूचना निरर्थक मुळीच नाही. लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल धाडून बँकखाती रिकामी केल्याचे प्रकार देशात घडले आहेत. परंतु ठकाच्या फाइलला आणि प्रामाणिक भांडाराला एकच दवंडी पिटली, तर काही जण दोहोंना भितात आणि काही जण दोहोंना ‘हो’ म्हणतात. गोपनीयतेचे रक्षण दोन्ही प्रसंगी होत नाही.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पुढच्याच वर्षी छत्तीसगड शासनाने संचार क्रांती योजनेतून लक्षावधी स्मार्टफोन विनामूल्य वाटले. त्यांत ग्रामीण स्त्रियांचा वाटा मोठा होता. हाती फोन येणे आणि त्यावरील इशारा उमगणे, यांत मात्र अंतर असते.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हे अंतर ओळखले आहे. संमतीची सूचना सोप्या भाषेत असावी आणि ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा, असे तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. अंमल टप्प्याटप्प्याने ठरला आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात मराठी वस्ती आहे. येथील मराठी माणसास आपल्या भाषेतील सूचना मागता येईल. त्याच्या शेजारच्या छत्तीसगढी भाषकास मात्र नाही. 2007 साली राज्याने छत्तीसगढीस राजभाषेचा दर्जा दिला खरा, पण आठव्या अनुसूचीत ती नाही.

परमुलखात राहणाऱ्या आपणांस न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करण्याचा अनुभव नवा नाही. सूचना काढली म्हणजे कर्तव्य संपले, ही आम्हा कचेरीतील लोकांची जुनी समजूत. ती वाचणाऱ्यास कळली, तरच ती सूचना; एरवी तो केवळ कचेरीचा बचाव ठरतो.