खडीच्या वाटेवरची सायकल

डांबरी सडकेवर सायकल चालवणे ही काही मोठी विद्या नव्हे. खरी परीक्षा होते ती खडीवर. हँडल हातांतून निसटू पाहते, मागचे चाक जागच्या जागी घसरते, आणि त्यातच चढ लागला म्हणजे भला भला गडी मुकाट्याने खाली उतरतो. अलीकडे अशा वाटांसाठी रुंद टायरांची, हलक्या गिअरांची ‘ग्रॅव्हल’ सायकल निघाली आहे. हौशी मंडळी सुटे भाग जमवून ती घरीच जुळवतात म्हणे! नवे खूळ म्हणून आपण हसू. पण ह्या खुळालाही एक मूळपुरुष आहे, आणि त्याची हकीगत ऐकण्यासारखी आहे.

त्याचे नाव पॉल द व्हिव्ही. जन्म १८५३ चा, दक्षिण फ्रान्समधला. धंदा रेशमाचा. १८८१ मध्ये ह्या गृहस्थांनी त्या काळची उंच चाकाची सायकल घेतली, आणि रेशमावरचे मन उडाले. १८८७ मध्ये धंदा विकून त्यांनी सेंत-एतियेन शहरात सायकलचे दुकान थाटले, ‘ल सिक्लिस्त’ नावाचे नियतकालिक काढले, आणि ‘व्हेलोसिओ’ ह्या टोपणनावाने ते लिहू लागले.

आधी इंग्लंडातून सायकली आणून विकल्या. मग १८८९ मध्ये स्वतःची बनवली. नाव ‘ला गोलवाझ’. तिला गिअर एकच. आता सेंत-एतियेन पडले डोंगराच्या पायथ्याशी. जवळची रिपब्लिक खिंड ११६१ मीटर उंच, आणि त्या काळी रस्ते सगळे खडीमातीचे. गिअर सपाटीला बरा ठेवावा, तर चढावर पाय जड होतात. चढाला हलका करावा, तर सपाटीवर पाय नुसतेच भिरभिरतात. व्हेलोसिओंनी मग पुढे दोन दातेरी चक्रे बसवली, एक मोठे, एक लहान. चढ आला की उतरायचे आणि हाताने चेन उचलून लहान चक्रावर टाकायची. पुढे दुसऱ्या बाजूलाही तशीच जोडी बसवली आणि चार गिअर झाले. दुकानात सुचलेली गोष्ट खिंडीत तपासायची, आणि खिंडीत कळलेली चूक दुकानात दुरुस्त करायची, असा त्यांचा क्रम.

पण शर्यतीच्या जगाला हे रुचेना. १९०२ मध्ये २४० किलोमीटरच्या डोंगरी मार्गावर चाचणी ठेवली गेली. एकीकडे एदुआर फिशर हा नामांकित शर्यतपटू, एका गिअरच्या सायकलवर. दुसरीकडे मार्थ एस ही बाई, तीन गिअरांच्या ‘गोलवाझ’वर. बाई जिंकल्या! तरीही आंरी देग्रांज ह्या संपादकाने लिहिले की, गिअर बदलण्याची सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांना ठीक; जवानाने स्नायूंच्या बळावरच जिंकावे. हेच देग्रांज १९०३ मध्ये ‘तूर द फ्रान्स’ शर्यत सुरू करतात, आणि चेन सरकवणाऱ्या यंत्राला तिथे पुढे कित्येक वर्षे मज्जाव राहतो.

वाद वरवर लोखंडाचा दिसतो. पण खरा प्रश्न असा की, माणसाने यंत्रासाठी झिजायचे की यंत्राने माणसाला जुळवून घ्यायचे? व्हेलोसिओंचे उत्तर ठरलेले होते. दूरच्या प्रवासासाठी त्यांनी सात नियम घालून दिले. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, अंगातले त्राण संपेपर्यंत दौडू नका, हे त्यांतलेच. शेवटचा नियम मात्र मोलाचा: दुसऱ्याला दाखवण्यासाठी म्हणून कधी पायडल मारू नका. आजही स्वतःची सायकल जुळवणाऱ्याला हाच धडा शिकावा लागतो. शर्यतवाल्याची सायकल पाहून जड गिअर बसवले, तर पहिल्याच खडीच्या चढावर सायकल हातात धरून चालावे लागते. आपला रस्ता कोणता आणि आपले पाय किती चालतात, हे आधी प्रामाणिकपणे ओळखावे. मग सुटे भाग विकत घ्यावेत.

१९३० मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, सेंत-एतियेनच्या रस्त्यावर ट्रामची धडक बसून व्हेलोसिओ वारले. ‘तूर द फ्रान्स’ने चेन सरकवणारे गिअर मान्य केले ते १९३७ मध्ये. सात वर्षे उशीर झाला. पण रिपब्लिक खिंडीत त्यांचे स्मारक उभे आहे, आणि तिथवर चढून जाणाऱ्या बहुतेक प्रत्येक सायकलला गिअर असतात. पंचेचाळिशी उलटलेली असो वा नसो!