मध्येच विचारणारे श्रोते

माण तालुक्यात उगम पावलेली माणगंगा आटपाडीच्या मुलखातून सांगोल्याकडे जाते, आणि तिच्याच काठी नाझरे आहे. श्रीधरस्वामींचं गाव. त्यांनी १७०२ मध्ये 'हरिविजय' पुरा केला, पुढच्या वर्षी 'रामविजय', १७१२ मध्ये 'पांडवप्रताप'. वाचता येणाऱ्या एकाने यातली एखादी पोथी उघडायची आणि वाचता न येणाऱ्या साऱ्या आळीने ती ऐकायची, हा सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या श्रावणाचा रिवाज होता. 'पोथी लागली' म्हणायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवत निवृत्त झाले. लहान मुलांना पुस्तक वाचून दाखवताना त्यांना बोलतं कसं करावं, याची प्रशिक्षणं आता होतात. ती घेताना मला राहून राहून वाटायचं, हे आपल्याकडे होतं की! फक्त मुलं मागे बसलेली होती.

आमच्याकडे मारुतीच्या देवळात पोथी लागे. ठवणीवर सुटी पानं, शेजारी कंदील. वाचणारा एक आणि अर्थ सांगणारा दुसरा. वाचणारा ओवी चालीवर म्हणून थांबायचा, मग अर्थ सांगणारा ती आमच्या बोलीत उलगडायचा. माझे आजोबा अर्थ सांगायला बसत. त्यांना सहीपुरतंच लिहिता येई. पण लहानपणापासून ऐकून ऐकून त्यांना अध्यायच्या अध्याय ठाऊक झाले होते, आणि कुठली गोष्ट कुणाच्या घराला लागू आहे हेही ठाऊक होतं. द्यूताचा अध्याय आला की खांबाआडून एखादी बाई विचारायची, "एवढी मोठी माणसं बसली हुती, मग एक जण तरी का उठला न्हाई?" वाचन तिथंच थांबायचं. कर्णाचं बरोबर की चूक यावर दोन म्हाताऱ्यांची जुंपायची, आणि कधीकधी त्या रात्री अध्याय पुरा होतच नसे. कुणाची त्याबद्दल तक्रार नसायची. मला त्या बैठकीचं मोल इथंच दिसतं. ऐकणाऱ्याला अडवायचा हक्क होता.

आम्ही पोरं पेंगत असायचो. तरी दुसऱ्या दिवशी ओढ्यात खेळताना एक जण सारथी व्हायचा, एक जण वनवासाला जायचा. 'सारथी', 'अरण्य', 'वचन' हे शब्द घरात रोज कोण बोलतं? ते आमच्या तोंडी शाळेच्या आधी आले, आणि कुणी समजावून न देता.

या रिवाजाचं कौतुक करताना एक गोष्ट लपवता येत नाही. पोथी कोण वाचणार, देवळात कोण बसणार आणि कोण पायरीखाली उभं राहणार, हे जातीवर ठरत होतं. ज्यांच्या मुलांना त्या शब्दांची सगळ्यात जास्त गरज होती, तीच मुलं कंदिलापासून सगळ्यात लांब होती.

शाळेने दार उघडलं, हे तिचे उपकार. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. पुढे ती राज्यभर गेली. दिवसा मुलांना शिकवणारे मास्तर रात्री बाप्यांना आणि बायकांना शिकवायचे, आणि गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. पण मुलांच्या वर्गात वाचनाची एक वेगळीच रीत रुजली. एकाने धडा मोठ्याने म्हणायचा, बाकीच्यांनी ओळीवर बोट ठेवायचं. प्रश्न मास्तरांनी विचारायचा, उत्तर पुस्तकाच्याच शब्दांत द्यायचं. "न्हाई" म्हणालं की आधी "नाही म्हण". मूल बोलायला तोंड उघडतं आणि मिटून घेतं, हे मी कितीतरी वर्गांत पाहिलं आहे.

म्हणूनच फलटणचं काम मला फार मोठं वाटतं. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाई १९६६ मध्ये फलटणला आल्या त्या लोकांचं बोलणं अभ्यासायला. जात आणि शिक्षण बदललं की फलटणची मराठी कशी बदलते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्या फलटणलाच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या. दलित वस्तीतली मुलं शाळेतून गळतात हे पाहून त्यांनी त्यांच्यासाठी वर्ग चालवले. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन. मराठी माध्यमाची ही शाळा. मुलांनी मनातलं सांगावं आणि तेच लिहावं, यावर तिचा भर. घरच्या बोलीचा ज्यांनी इतका बारीक अभ्यास केला, त्यांना ती अशुद्ध कशी वाटावी? आमच्या सातारा जिल्ह्यात हे घडलं याचा मला अभिमान आहे.

त्याच सुमाराला, १९८८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना त्यांनी शिकवलं की पुस्तक नुसतं वाचू नका. मुलाला विचारा, तो म्हणेल त्यात दोन शब्द घालून पुन्हा म्हणा, त्यालाही म्हणू द्या. चार आठवड्यांनी ही मुलं बोलण्याच्या चाचण्यांत, नुसतं वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा सहा ते साडेआठ महिन्यांनी पुढे निघाली. पुस्तकं दोन्हीकडे होती. फरक पडला तो संवादाने.

आमच्याकडे तो असा होतो. चित्रात मेंढ्या आहेत. "हे काय?" विचारलं तर "मेंढी" एवढंच येतं आणि विषय संपतो. "ह्या कुठं चालल्या असतील?" विचारलं की धनगराचं पोर उठून उभं राहतं. "खांड वाघरीत निघालंय, कोकरू मागं ऱ्हायलंय." मग मी म्हणते, "कोकरू मागं राहिलं, म्हणून आई वळून बघतेय." ते माझं वाक्य उचलतं, आणि मला त्याचे दोन शब्द मिळतात: खांड म्हणजे मेंढ्यांचा कळप, वाघर म्हणजे त्यांच्याभोवतीचं जाळ्याचं कुंपण. हिवाळ्यात सांगली भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोपीवरच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीतल्या, मुलांजवळही असेच शब्द असतात, फक्त ते विचारणारं कुणी नसतं.

पुष्कळ जणी मला सांगतात, "बाई, आम्हाला वाचायलाच येत न्हाई, पोराला काय वाचून दावू?" माझ्या आजोबांनाही येत नव्हतं. म्हणून आमच्या वस्तीवर आम्ही काम वाटून दिलं आहे. चौथीतली बहीण वाचते, आजी विचारते, आणि धाकट्याने उत्तर द्यायचं. आजीला चित्र पुरतं. उलट ती असे प्रश्न काढते की पुस्तक लिहिणाऱ्यालाही सुचले नसतील: ह्या पोरीच्या पायात चप्पल का न्हाई, सांजेला घरी कोण आसंल. एकच पुस्तक आठवडाभर चालतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून धाकटंच पुढचं सांगायला लागतं, आणि मग बहिणीला थांबवून आजीला प्रश्न विचारतं.