पुण्यातील ऐतिहासिक वास्तू व संग्रहालये

पुण्याच्या जुन्या पेठांत व त्यांच्या भोवताली असलेली प्रेक्षणीय स्थळे. मुळशी तालुक्यातील नांदे गावाहून सूस-पाषाणमार्गे शहरात येणाऱ्याला यांतले सर्वांत प्राचीन स्थळ आधी लागते, ते म्हणजे जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर लेणे. साधारण आठव्या शतकातील, राष्ट्रकूटकाळातले हे शैव लेणे अखंड खडकात कोरलेले असून अपुरेच राहिले आहे. अंगणातील वर्तुळाकार नंदीमंडप आवर्जून पाहावा.

पेशवाईतील वाड्यांची जोती दगडी असत आणि वरचे मजले विटांचे व सागवानी लाकडाचे. आगीपुढे आणि पुढे पाडकामापुढे त्यांतले थोडेच टिकले. थोरल्या बाजीरावांच्या शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला व २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतील इमारती भस्मसात झाल्या. आज उभे आहेत ते तट, बुरूज, दिल्ली दरवाजा व त्यावरचा नगारखाना. आत केवळ जोती व हजारी कारंज्याचे अवशेष दिसतात. लाकडी वाड्याचे देखणेपण पाहायचे असेल, तर दुसऱ्या बाजीरावांचा विश्रामबागवाडा गाठावा. त्याच्या दर्शनी भागावरील कोरीव सज्जा आणि आतील सुरूच्या आकाराचे खांब यांवरून जळालेल्या वाड्यांची कल्पना करता येते.

एका दिवसात एकच संग्रहालय पाहणे शक्य असेल, तर ते शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय असावे. ते उभारणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. राजा हा त्यांचा मुलगा लहानपणीच वारला. संग्रहालयाला त्याचे नाव दिले आहे. केळकर व त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी देशभरातून जमवलेल्या वस्तूंची संख्या वीस हजारांहून अधिक असून जागेअभावी त्यांतला थोडाच भाग मांडलेला असतो. अडकित्ते, समया व लामणदिवे, कुंकवाचे करंडे, दौती, पाय घासायच्या वज्र्या, फण्या, गंजिफा, चित्रकथीची चित्रे, वाद्ये, कोरीव दरवाजे असा हा संसार आहे. राजेरजवाड्यांच्या खजिन्यापेक्षा घरातल्या वापराच्या वस्तू गोळा करण्याची केळकरांची दृष्टी त्या काळात दुर्मीळ होती. सुपारी कातरण्याच्या साध्या हत्याराला मोराचा किंवा घोड्याचा आकार देणाऱ्या कारागिरांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत. त्यांचे काम मात्र येथे जपले गेले. कोथरूड येथील मस्तानी महालाचे सुटे भाग आणून तो महालही येथे पुन्हा उभारला आहे. हा सारा संग्रह केळकरांनी १९७५ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केला. १९८० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गंज पेठेतील महात्मा फुले वाडा हे जोतीराव व सावित्रीबाईंचे राहते घर. आकाराने साधे असले, तरी पुण्याचा इतिहास पेशव्यांपाशी थांबत नाही हे समजण्यासाठी येथे यायलाच हवे.

नगर रस्त्यावरील आगाखान पॅलेस सुलतान मुहम्मद शाह, तिसरे आगाखान यांनी १८९२ मध्ये बांधला. ‘छोडो भारत’ आंदोलनात गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई व सरोजिनी नायडू येथे स्थानबद्ध होते. महादेवभाईंचे १५ ऑगस्ट १९४२ रोजी व कस्तुरबांचे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच निधन झाले. दोघांच्या समाध्या आवारात आहेत. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी ही वास्तू राष्ट्राला दिली.

आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयाकडे पर्यटक फारसे वळत नाहीत. वारली चित्रे, बोहाड्याचे मुखवटे, शेतीची व शिकारीची साधने यांसाठी तेथे निवांत दोन तास काढावेत.